नेग्लिजन्स की इनॲडव्हर्टन्स

"सिस्टरचा नेग्लिजन्स, असं सरळ लिहा," डॉक्टर म्हणाले आणि कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. डहाणू तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात मी नर्सिंग सुपरवायझर होते. इंग्रजी रिपोर्ट माझ्याकडेच यायचे. सुनंदा सिस्टर दारात उभी होती. तिची नोकरी काँट्रॅक्टची, आणि ते त्याच महिन्यात रिन्यू व्हायचं होतं.

झालं होतं असं. पाड्यावर लस नेताना छोट्या पेटीत आइसपॅक, म्हणजे बर्फाच्या चपट्या बाटल्या ठेवतात. फ्रीझरमधून काढल्यावर त्या थोडा वेळ बाहेर ठेवायच्या. हलवून आत पाणी वाजलं की मगच पेटीत. नाहीतर काही लसी गोठतात आणि फेकाव्या लागतात. सुनंदाने आइसपॅक थेट पेटीत ठेवले. रानशेतपलीकडच्या पाड्यावर पहिली कुपी काढली, तर आत बर्फ. तिने कुणालाही टोचलं नाही. परत येऊन स्वतःच डॉक्टरांना सांगितलं.

"थांबायचं असतं, माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"माहीत होतं ना, बाई. दर वेळी कानाशी धरून हलवते. पण आशा वर्करचा फोन आला, बायांना बोर्डीच्या वाडीत नेणारा टेम्पो आज लवकर सुटतोय. बाया चिकू तोडायला गेल्या तर पोरांना आणणार कोण? बोलता बोलताच पेटी भरली. हात पेटीत, ध्यान टेम्पोत."

मी लिहिलं, इनॲडव्हर्टन्स.

डॉक्टर हसले. "इंग्रजीचा तास घेताय का, बाई? लस गेली ती गेलीच."

"गेलीच, सर. पण नेग्लिजन्स म्हणजे काळजी घेणं आपलं काम असून ती न घेणं. इनॲडव्हर्टन्स म्हणजे लक्ष दुसरीकडे गेल्यामुळे नकळत चुकणं. पहिला शब्द दिसला की जिल्ह्याचे साहेब पुढचं वाचणार नाहीत."

"आणि दुसरा दिसला की म्हणतील, हे तर सगळेच सांगतात."

मग मी खाली तीन ओळी वाढवल्या: फोन कसला होता, टेम्पोची घाई का होती, आणि कुपी पाहिल्यावर तिने काय केलं. डॉक्टरांनी दोनदा वाचून सही केली.

सुनंदाला लेखी ताकीद मिळाली. काँट्रॅक्ट रिन्यू झालं. त्या पाड्याचं लसीकरण टेम्पोच्या सुट्टीच्या दिवशी ठेवलं.

मुलांनो, तुम्ही ऑफिसच्या मेलमध्ये इनॲडव्हर्टन्स हा शब्द सहज टाकता. टाका. पण त्या वेळी लक्ष कुठे होतं, ते पुढच्याच वाक्यात लिहा. ते लिहिता येत नसेल, तर डॉक्टरांचाच शब्द बरोबर.