रस्त्याचा पडदा

वहिनी एका जागी निवांत बसल्यात असं मला आठवत नाही. जेवतानाही ताट हातात घेऊन खिडकीशी उभ्या. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं माझा थोरला भाऊ लग्नानंतर आठवड्याभरातच म्हणाला होता.

दादा नाटक कंपनीत पडदे रंगवायचा आणि मी तिथलाच सुतार. त्या काळी रंगमंचावर घर, जंगल, राजवाडा सगळं कापडावरच असायचं. मांजरपाटाचं मोठं कापड जमिनीवर पसरायचं, सरस घातलेला रंग लांब दांड्याच्या कुंच्याने लावायचा, वाळलं की वरच्या कडेला बांबू बांधून गुंडाळून ठेवायचं. प्रवेश बदलला की दोरी सोडायची, की राजवाड्याच्या जागी जंगल. लोक टाळ्या वाजवायचे, कधीकधी नटांना मिळायच्या त्यापेक्षा जास्त.

दादाची बोटं आखडायला लागली तेव्हा वहिनींनी कुंचा उचलला. आधी नुसतं आकाश, मग झाडं, मग घरं. हळूहळू सगळे पडदे त्यांच्याच हातचे झाले. जाहिरातीत नाव दादाचंच राहिलं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. त्यांचा जीव होता रस्त्याच्या पडद्यात. दोन्हीकडे घरं, मधून वळत जाणारा रस्ता, एका गच्चीवर वाळत घातलेली चादर. प्रयोग चालू असताना त्या विंगेतून तो बघायच्या, मग प्रेक्षागृहात शेवटच्या रांगेमागे जाऊन बघायच्या, आणि परत येऊन मला विचारायच्या, "भाऊजी, तिसऱ्या घराचं दार अंमळ वाकडं नाही दिसत?"

हो म्हटलं तर त्यांची झोप उडायची. नाही म्हटलं तर, "तुम्हाला काय कळतंय, खिळे ठोका."

मग कंपनीत नवे दिग्दर्शक आले. ते म्हणाले, "रंगवलेल्या घरात आता कुणाला राहायचंय? खरा दरवाजा हवा. उघडला की करकरला पाहिजे." माझं काम वाढणार होतं, त्यामुळे मी काय बोलणार? मालकांनी मधला मार्ग काढला. "नव्या दिव्यांखाली रस्त्याच्या पडद्यावर एक प्रयोग करून बघू. शोभला तर ठेवू. नाहीतर सामानाच्या गाडीवर टाकायला कापड लागतंच आहे." हे ते वहिनींच्या समोर बोलले. माणूस वाईट नव्हता, जिभेला हाड नव्हतं.

तालमीला दिवे लागले, तेही सगळे डावीकडून. विनोदी काम करणारे नट पडद्यासमोर उभे राहिले, खाली वाकून बघितलं आणि ओरडले, "अहो, माझी सावली उजवीकडे आणि घरांच्या डावीकडे! या गावात दोन सूर्य उगवतात वाटतं!"

सगळे हसले. दिग्दर्शक हसले नाहीत. त्यांनी फक्त मालकांकडे बघितलं.

आमच्या रंगवायच्या शेडला दार उजवीकडे होतं. उजेड तिकडूनच यायचा, आणि वहिनी इतकी वर्षं डोळ्यांना दिसतील तशा सावल्या काढत आल्या होत्या. जुन्या दिव्यांत ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी एका घराची सावली ओल्या स्पंजने पुसून बघितली, तर रंग ओघळून घर रडल्यासारखं दिसायला लागलं. मग त्या दिवेवाल्याकडे गेल्या.

"दिवे उजवीकडे न्याल का?"

"नेतो की. पण बाईंचा चेहरा अंधारात जाईल. ते तुम्हीच त्यांना सांगा."

वहिनी नायिकेच्या दारापर्यंत गेल्या, मागे फिरल्या, पुन्हा गेल्या. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वहिनी, लोक मला बघायला येतात हो. भिंती बघायला नाही." त्यांचंही खोटं नव्हतं.

प्रयोग दुपारचा होता. वहिनी जेवल्या नाहीत.

"अगं, बस जरा," दादा म्हणाला.

"बसून काय होणार?"

"उभं राहून काय होतंय?"

सकाळी पडदा गुंडाळायला दादाच पुढे झाला होता. आमच्यात चढवताना कुणी पडदा उलगडून बघत नसे. गुंडाळतानाच बांबूच्या उजव्या टोकाला लाल चिंधी बांधायची. ती बघायची आणि दोऱ्या आवळायच्या.

तिसऱ्या प्रवेशाला दोरी सोडली, आणि विंगेतून मी आणि वहिनींनी बघितलं. घरं, गच्ची, चादर, सगळं मागच्या भिंतीकडे तोंड करून लटकत होतं. लोकांसमोर नुसती पाठ! नट पुढे गेले होते, आता पडदा वर घेता येत नव्हता. वहिनींनी माझं मनगट धरलं. आम्ही लोक हसण्याची वाट बघत राहिलो.

कुणी हसलं नाही. वहिनी बाहेरून धावत शेवटच्या रांगेमागे गेल्या, त्यांच्यामागे मी. कापड पातळ, वर्षानुवर्षांचा रंग झिरपून पाठीवर फिकट उतरलेला. रस्ता पहाटेच्या धुक्यात असल्यासारखा दिसत होता. आणि बाजू उलटल्यामुळे सावल्याही नटांच्या सावल्यांबरोबर उजवीकडे पडल्या होत्या.

प्रयोगानंतर दिग्दर्शक शोधत आले. "वहिनी, मला हेच हवं होतं आणि सांगता येत नव्हतं. हा पडदा असाच राहील."

"ती पाठ आहे," वहिनी म्हणाल्या.

"असू दे की."

मालक म्हणाले, "मग गाडीसाठी दुसरं कापड बघायला हवं."

घरी आल्यावर दादाच बोलला. "चिंधी मी भलत्या टोकाला बांधली. या बोटांना काही कळेनासंच झालंय."

"जन्मभर सगळं उलटंच बांधलंत."

"पण पडदा राहिला ना?"

"राहिला. भिंतीकडे तोंड करून राहिला."

पुढे प्रत्येक प्रयोगात त्या प्रवेशाला वहिनी विंगेत नसायच्या. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती, तिथे शिरून त्या आपला रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत बघायच्या. एकदा त्यांचा खांदा लागून पडदा हलला आणि विनोदी नटांनी लगेच प्रेक्षकांना सांगितलं, "वारा सुटलाय!"

थोड्याच दिवसांत दिग्दर्शकांनी नदीकाठाचा पडदा मागितला. वहिनींनी शेडमध्ये कापड पसरलं, एक फटकारा मारला, कोपरा उचलून खाली बघितलं, पुन्हा एक फटकारा, पुन्हा खाली. दादा खुर्चीवरून बघत होता. शेवटी त्याला राहवेना.

"अगं, यातली कुठली बाजू लोकांकडे करायची?"

"दोन्ही चांगल्या व्हायला हव्यात."

"एकाच कापडावर? कशा होतील?"

"ते मला काय माहीत!" वहिनी म्हणाल्या. "भाऊजी, कोपरा धरा. उंच धरा." आणि ओला कुंचा घेऊन त्या कापडाखाली शिरल्या.