नानाचे जाड कापड

आमच्या ठाण्याच्या आळीत तार आली की बायका आधी डोळ्यांना पदर लावतात, मग वाचायला माणूस शोधतात. मला वाचता येते, म्हणून ती तार मीच वाचली. कल्याणचा माझा धाकटा भाऊ, आमचा नाना, गेला. माझी अक्षरे त्याच्याच पाटीवरची. शिकायला तो माझ्या सासरी राहिला होता; शाळेतून आला की गिरवायचे, आणि सासूबाईंची चाहूल लागली की पुसायचे... त्याच्याबद्दल चार शब्द लिहा, असे या मासिकाच्या मंडळींनी कळवले. लिहायला बसले खरी, पण रडण्याआधी मान खाली जाते आहे.

नाना कल्याणच्या सभेचा चिटणीस. देशाचा पैसा देशात कसा राहील, याचा खल त्याच्या ओसरीवर चालायचा. सरकारने विलायती कापडावरची जकात उठवली आणि सभेत दोन तट पडले. वकीलसाहेब म्हणत, सरकारकडे अर्ज करू. मास्तर म्हणत, अर्ज कसले करता, देशी कापडाची शपथ घ्या! इतके पेटले, की एका तटाने दुसऱ्याच्या घरचे हळदीकुंकूसुद्धा बंद केले. आता त्यात बायकांनी काय केले होते हो? नाना मात्र दोघांनाही चहा पाजायचा. मला म्हणाला, "आक्का, एकाला वाटतं साहेब उत्तर धाडणार. दुसऱ्याला वाटतं उद्यापासून विलायतेतल्या गिरण्याच बंद. मला तर दोघंही हवेत. अर्जही हवा, शपथही हवी."

स्वतः त्याने शपथ घेतली होती. भिवंडीच्या मागावरचे जाडेभरडे धोतर नेसून कचेरीत जायचा. मी थट्टा करी, "नाना, हे धोतर की घोंगडी रे?" तर हसायचा. एकदा त्याच मागावरचे एक लांबलचक कोरे कापड आणून त्याने पेटीत ठेवले. म्हणाला, "आक्का, मी गेलो की मला यातूनच न्या हं." उमा, माझी भावजय, रागाने आत निघून गेली. पेटीची किल्ली मात्र त्या दिवसापासून तिच्या कमरेला.

तार मिळताच निघाले. पोचले तेव्हा नानाला अंगणात ठेवले होते. आणि काय पाहते, वकीलसाहेब आणि मास्तर एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडताहेत! दोघांनी मिळून बाजारातून वस्त्र आणले होते. पांढरेशुभ्र, गुळगुळीत. पायाशी दुमडलेल्या टोकावर निळा छाप होता, विलायती जहाजाचा. मास्तरांनी मुद्दाम आणले असेल, असे मी म्हणणार नाही. दुःखात माणूस दुकानदाराला एवढेच म्हणतो, चांगल्यातले द्या. आणि चांगले म्हटले की दुकानदार विलायतीच काढतो. इतकी वर्षे सभा भरवून आमच्या तोंडात 'चांगले' या शब्दाचा अर्थ तोच राहिला.

उमाने छाप पाहिला. तिचा हात किल्लीवर गेला आणि तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली... नको. वाटले, दोन तट आज कुठे एक झालेत. आता बोलले, तर हे तू आणलेस की मी, यावरून प्रेतापाशीच जुंपेल. नानालाही ही एकी हवीच होती की, अशी मी माझी समजूत घातली. उमाने हात पदराखाली घेतला. नाना जहाजाच्या छापाखाली गेला.

आणि ती एकी? तेरावा होतो न होतो, तोच दुखवट्याच्या सभेत अध्यक्ष कोण यावरून वाजले. सभा दोन झाल्या, एक वाचनालयात, एक देवळात. दोन्हीकडे नानाच्या शपथेवर भाषणे झाली. मी देवळातल्या सभेत बायकांच्या बाजूला बसले होते. टाळ्या पडल्या तेव्हा जमिनीत जावेसे वाटले.

निघताना उमाने ते कापड माझ्या पुढ्यात ठेवले. "वन्सं, तुम्ही न्या. मला हे घरात बघवत नाही." रागावली असती तर बरे वाटले असते. नुसते ठेवले आणि आत गेली.

आता ते माझ्या पेटीत आहे. हात फिरवला की खरखरते, अगदी नाना कचेरीतून येऊन शेजारी बसल्यासारखे. परवा सुनेला जवळ बसवून किल्ली तिच्या हाती दिली आणि ते कशासाठी आहे तेही सांगितले. पोर घाबरली. म्हणाली, "आणि सासूबाई, त्या वेळी बाहेर पुरुषमाणसं भांडायला लागली तर?"

"भांडू देत," मी म्हटले. "तू पेटी उघड."