दोन मुक्या तुळया आणि माझा झायलोफेगस

हेडमास्तर हजेरी घेत होते आणि त्यांच्या काळ्या टोपीवर पीठ पडलं. त्यांनी टोपी झटकली. पुन्हा पडलं. वर पाहिलं तर तुळईला बारीक भोकं, आणि भोकांतून पिवळसर भुगा गळतोय.

नेकनूरची ती शाळा बांधून वर्षही झालं नव्हतं. हेडमास्तरांनी भुगा पुडीत बांधला आणि माणसाबरोबर बीडला माझ्या टेबलावर पाठवला. सोबत चिठ्ठी होती : "आपल्या खात्याचं लाकूड दळून पाठवलं आहे. पोच द्यावी."

मी तामिरात खात्यात ओव्हरसियर. तामिरात म्हणजे निजाम सरकारच्या इमारती, पूल आणि सडका बांधणारं खातं. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. हैदराबादहून नवं सर्टिफिकेट आणि एक जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आलो होतो. त्याला आज एकोणीस वर्षं झाली. गेल्या वर्षापर्यंत पुढची गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. मुळात मी कमी बोलतो, असं सगळे म्हणतात. या बाबतीत तो स्वभाव मला फार सोयीचा पडला.

शाळा बांधताना तुळया जालन्याहून बैलगाड्यांनी आल्या होत्या. एकूण बावीस. त्या दिवशी इंजिनियर साहेब दुपारी यायचे होते, आणि त्याआधी सगळ्यांवर शिक्का हवा होता. पास केलेल्या लाकडाच्या टोकावर शिक्क्याच्या हातोडीनं खूण ठोकतात. ही हातोडी ओव्हरसियरच्या ताब्यात असते. ती मी खिशात घालून फिरायचो, गरज नसली तरी.

सुतारकाम करीममिस्त्रींकडे होतं. चाळिशीचे, अंगानं काटक, कानावर पेन्सिल. लाकूड पारखायची त्यांची एक रीत होती. तुळईच्या एका टोकाला कान लावायचा आणि दुसऱ्या टोकाला गड्यानं लाकडी मोगरीनं हलकेच ठोकायचं. आवाज खणखणीत आला तर म्हणायचे, "बोलती." दबका आला तर, "मुकी हाय." एकेका तुळईला ते सावकाश चिलीम ओढण्याइतका वेळ द्यायचे.

"मिस्त्री, उरका. साहेब येतील."

"सायब येतील आन जातील. तुळई ऱ्हानार हाय." त्यांनी कान उचलला. "ह्या दोन मुक्या हायत, बाबूसायब. वरून गेरू-तेल चोपडलंय. आत पांढरं लाकूड हाय."

सागाचा लाल गाभा किडा सहसा खात नाही. बाहेरचा पांढरा भाग मात्र आवडीनं खातो. व्यापारी तो भाग गेरूनं लाल करून खपवतात. हे माझ्या पुस्तकातही होतं, पण मी त्या पानापर्यंत पोचलो नव्हतो. मी पोचलो होतो 'झायलेम' या शब्दापर्यंत. झाडाचा जो भाग मुळांतलं पाणी वर नेतो आणि पुढे ज्याचं लाकूड होतं, तो झायलेम.

मी टोकाला भिंग लावलं आणि म्हणालो, "झायलेम बघा, किती भरगच्च आहे!"

"आसंल," मिस्त्री म्हणाले. "पर बोलंना."

गडी हसले. मला राग आला. मी हातोडी काढली आणि त्या दोन तुळयांवर सगळ्यांत आधी शिक्का ठोकला. मग उरलेल्यांवर.

म्हणून ती पुडी टेबलावर आली तेव्हा भुगा कुठल्या तुळयांचा, हे मला नेकनूरला न जाताच कळलं.

आता रिपोर्ट लिहायचा होता. कचेरीचा कारभार उर्दूत चाले, पण इंजिनियर साहेबांना रिपोर्ट इंग्रजीत लागे. मी पुस्तक उघडलं. सापडला शब्द : झायलोफेगस. लाकूड खाणारा. मी लिहिलं, दोन तुळयांना झायलोफेगस किड्यांचा उपद्रव झाला आहे. इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढचं वाक्य असं : लाकूड पारखण्याचं काम सुतार करीम यांच्याकडे होतं, आणि दोष त्यांच्या लक्षात आला नाही.

त्या वाक्यानंतर शाई वाळायला मी नेहमीपेक्षा जास्त वाळू टाकली, एवढं आठवतं.

आठवड्यात खात्याच्या वहीत मिस्त्रींच्या नावापुढे उर्दूत शेरा चढला : लाकडाच्या पारखीत कच्चा. असा शेरा पडला की सरकारी कामावर रंधा मारायला बोलावतात, लाकूड निवडायला बोलावत नाहीत. बीडमध्ये लोक घर बांधताना "तुळया करीमनं ऐकल्यात" असं अभिमानानं सांगायचे. त्या माणसाला मी बहिरा ठरवला होता.

इंजिनियर साहेब स्वतः नेकनूरला आले. पुण्यात शिकलेले पारशी गृहस्थ, शब्दांचे फार शौकीन. आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप. "अरे बाबा, झायलोफेगस! बीडमध्ये हा शब्द लिहिणारा माणूस आहे! झायलॉन म्हणजे काय, ठाऊक आहे?"

"नाही, साहेब."

"ग्रीक भाषेत लाकूड. त्यातून झायलेम. त्यातून झायलोफेगस. लाकडी ठशानं छापतात ती झायलोग्राफी. हे हेडमास्तरांच्या खांद्यावरचं छापील उपरणं, ती पण झायलोग्राफी!"

हेडमास्तरांनी उपरणं जरा सावरून घेतलं. पीठ पडलं की काय, अशा नजरेनं.

"बरं, आता सांग," साहेब म्हणाले, "बाकीच्या वीस तुळया ठीक आहेत?"

मी भिंग घेऊन शिडीवर चढलो. पाव तास डोळे ताणले आणि नाकाला भुगा लावून खाली उतरलो. काही कळलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसत असावं.

"शब्द आला, लाकूड नाही आलं?" साहेब म्हणाले.

बाहेर ओट्यावर करीममिस्त्री बसले होते. त्या दोन तुळया काढायला त्यांनाच मजुरीवर आणलं होतं. ते न बोलावता उठले, शिडीवर चढले आणि एकेक तुळई ठोकत गेले. "बोलती. बोलती. ही बी बोलती." वीसच्या वीस.

"हे काय बोलणं?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी खाली उतरून लाकडाचे लहानमोठे तुकडे गोळा केले, दोन गवती पेंढ्यांवर आडवे मांडले आणि मोगरी फिरवली. लांब तुकडा जाड आवाजात, आखूड बारीक आवाजात. मधे किडक्या तुळईचा तुकडा मुद्दाम ठेवला होता. तो नुसता 'थप्प' झाला. पोरं वर्ग सोडून दारात आली.

साहेब टाळी वाजवून ओरडले, "झायलोफोन! लाकडाचा आवाज! कलकत्त्याला बँडमध्ये ऐकला होता मी!" त्यांनी मोगरी हिसकावून घेतली आणि मांडी घालून कसलीशी विलायती चाल वाजवली. दर वेळी मधेच थप्प. पोरं हसून लोळायची तेवढी बाकी.

मग साहेब थांबले. "मिस्त्री, असला कान! मग ह्या दोन कशा सुटल्या?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिशातली हातोडी चाचपली.

"सर्दी झाल्ती, सायब," मिस्त्री म्हणाले. "त्या दिशी कान बसला व्हता."

सगळे हसले. मीही हसलो. ते हसू मला अजून टोचतं. साहेबांनी माझ्या रिपोर्टवर 'उत्तम' लिहिलं, आणि शेरा जिथल्या तिथे राहिला.

त्यानंतर परभणी, नांदेड, बदल्या झाल्या. गेल्या वर्षी पुन्हा बीडला आलो. पहिल्याच जुम्म्याच्या सुटीला मिस्त्रींच्या कारखान्यावर गेलो. दाढी पांढरी, पेन्सिल कानावरच. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं. शिक्का, रिपोर्ट, ते वाक्य.

"मला कावून सांगता?" ते म्हणाले. "मला ठावं हाय. कागदाला सांगा. कागदाला ठावं न्हाई."

"त्या दिवशी तुम्ही गप्प का राहिलात?"

"तुमची नौकरी नवी व्हती, माझा धंदा जुना. म्हनलं, पोरगं हाय, उद्या सांगंल." त्यांनी रंध्याखालचे छिलके फुंकले. "तुमी उद्या लई लांबवला, बाबूसायब."

मी अर्ज लिहिला. उर्दूत एक, इंग्रजीत एक. किडा बरोबर, शब्द बरोबर, माणूस चुकीचा. दोष माझा, शेरा रद्द व्हावा. महिन्याभरानं उत्तर आलं : रेकॉर्डखोलीला वाळवी लागल्यानं मूळ फाइल नष्ट झाली आहे. शेऱ्याला आधार उरला नसल्यानं तो रद्द समजावा. अर्जदाराला मात्र त्याच्या कबुलीवरून ताकीद देण्यात येते.

फाइलचा कागदही शेवटी झाडाचाच. झायलोफेगसनं माझा रिपोर्ट खाल्ला होता. मिस्त्रींना वाचून दाखवलं तेव्हा ते हसता हसता खोकायला लागले. "किडा इमानदार निघाला. तुमच्या आदी पोचला!"

पावसाळ्याआधी मांजरसुंब्याच्या मुसाफिर बंगल्यासाठी तुळया आल्या. निवडायला करीममिस्त्रींना बोलावलं, पत्रावर सही माझी. त्यांनी मोगरी स्वतःच्या हातात घेतली आणि दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं.

"बसा. कान लावा."

ऐन उन्हात, सगळ्या गड्यांसमोर, मी धुळीत गुडघे टेकले. साठ तुळया होत्या.

"बोलती का?"

"बोलती."

"ही?"

मी पुन्हा ऐकलं. "मुकी."

"शिक्का?"

"नको."

"शिकले," मिस्त्री गड्यांना म्हणाले, "येळ लागला, पर शिकले."

नव्या ओव्हरसियरांना मी आता एवढंच सांगतो. पुस्तक जरूर वाचा, पण आधी तुळई ठोका. आणि हातोडी खिशात ठेवू नका, खिसा फाटतो.