सुदाम पैलवान

समोरच्या गड्याला चीत केल्यावर सुदाम कधी आरोळी ठोकत नसे. हातही वर करत नसे. पडलेल्यावर वाकून आधी विचारायचा, "लागलं न्हाई ना रं?" मग त्याला हाताला धरून उठवायचा, त्याच्या पाठीवरची माती झाडायचा आणि त्यानंतर पंचांकडे बघायचा. जत्रेच्या आखाड्यात म्हातारी माणसं मान डोलवायची, पैलवान असावा तर असा. आज त्याचं नाव निघालं की तीच माणसं आवाज खाली आणतात. त्यानं तीन बायकांचे जीव घेतले. सहा वर्षं तो माझा तालमीतला जोडीदार होता. त्याच्याबद्दल लिहायचं तर मला दोन्ही लिहिणं भाग आहे.

मी कळंबचा, तो डिंगोऱ्याचा. मंचरच्या बाजूला नाना वस्तादांची तालीम होती, तिथं आम्ही राहायलाच असायचो. मी गेलो तेव्हा कॉलेज नुकतंच सुटलेलं आणि अंगात काही नव्हतं. पहिल्या दिवशी कुस्तीच्या हौद्यातली माती कशी करायची हे मला सुदामनं शिकवलं. तेल, हळद, लिंबू, ताक. "ताक जरा जास्तच वतावं भाऊ," तो म्हणाला, "माती गार असली की पडणाऱ्याला बरं वाटतं." पडणाऱ्याचा विचार करणारा पैलवान मी तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या वर्षी मला कावीळ झाली. महिनाभर तो माझं अंथरूण झाडायचा, उसाचा रस आणायचा आणि मी ओकलो की तांब्या धरायचा. मी बरा झालो तर लेण्याद्रीच्या गणपतीला नेईन असं तो बोलला होता. गेलो तेव्हा माझे पाय निम्म्या पायऱ्यांवरच थरथरायला लागले. त्यानं काही न विचारता मला पाठीवर घेतलं आणि वर गाभाऱ्यापर्यंत नेऊन उतरवलं. त्याला दमही लागला नव्हता. वर कठड्याशी बसून स्वतःच्या दंडाकडे बघत तो म्हणाला, "ह्यो जोर हाय ना राव, त्यो आपला वाटतच न्हाई मला. कुनीतरी सांभाळायला दिल्यागत हाय. कवा मागं घ्यायला येतील काय म्हाईत."

मी हसलो होतो.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली एक सकाळ. आमची रोजची झटापट चालली होती आणि मी त्याला दोनदा खाली घेतलं. तिसऱ्यांदा तो मागून आला आणि त्यानं डावा हात माझ्या गळ्याभोवती टाकला. गळा आवळणं कुस्तीत मना आहे, तालमीत तर पोरासोरांनाही ते ठाऊक असतं. चुकून हात गेला असेल म्हणून मी मातीवर थाप मारली. पुन्हा मारली. हात सुटेना. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा नानांची काठी त्याच्या पाठीवर बसल्याचा आवाज मी ऐकला. दोनदा, तीनदा. मग हात सुटला. मी खोकत पडलो होतो आणि सुदाम माझ्यावर वाकला होता. "लागलं न्हाई ना रं?" आवाज नेहमीचाच मऊ होता. चेहरा मात्र झोपेतून उठवलेल्या माणसासारखा होता, जणू काठी कशासाठी पडली हेच त्याला कळलं नव्हतं.

नानांनी त्याला आठ दिवस मातीत उतरू दिलं नाही. मला कुणी काही विचारलं नाही, मीही कुणाला सांगितलं नाही. ज्यानं आपलं ओकणं काढलं त्याच्याबद्दल काय सांगायचं?

चार वर्षांनी त्याचा गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. मला शाळेत खेळाच्या शिक्षकाची नोकरी लागली. त्यानं जीप घेतली. जुन्नर-डिंगोरे, कधी मंचर, कधी पार घोडेगावच्या पुढं, अशा त्याच्या फेऱ्या असत. जत्रांमध्ये त्याला पंच म्हणून मानानं बोलवत, फेटा बांधत. माझ्या आईचं माहेर त्याच रस्त्यावर. ती एकटी पुढच्या सीटवर बसून जायची, गळ्यात डोरलं, हातात पाटल्या. सुदाम तिला दारापर्यंत सोडायचा, तिची पिशवी आत नेऊन ठेवायचा. "तुझ्यापरीस त्योच माझं जास्त करतो," असं आई मला ऐकवायची.

पहिली बाई उसाच्या कडेला सापडली. आमच्याकडे उसात माणूस मेलेलं सापडलं की बिबट्याचंच नाव निघतं. जनावरांनी शरीर ओढलंही होतं. पिंजरा आणून लावला. तो जड पिंजरा ट्रॅक्टरवरून उतरवायला जे चार गडी लागले, त्यांतला एक सुदाम होता. पिंजऱ्यात एक बिबट्या सापडलाही, आणि लोक निर्धास्त झाले.

दुसरी बाई काही महिन्यांनी कालव्याच्या कडेला सापडली. अंगाला जनावर लागलं नव्हतं. तिचा भाचा नानांच्या ओळखीचा. तो नानांच्या ओसरीवर बसून सांगत होता, मीही होतो. मावशी रस्त्याला गाडीची वाट बघत उभी होती एवढंच कळलं. अंगावरचे दागिने गेले होते. "डाक्टर म्हनला, गळ्यातलं आतलं हाड मोडलंय. दोरीचा वळ न्हाई, बोटाचं निशान न्हाई. कशानं दाबलं, कळंना."

भाचा गेल्यावर नाना माझ्याकडे सरकले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता, माणूस आवाजावरून ओळखायचे. त्यांनी चाचपत माझ्या मानेवर हात ठेवला.

"कशानं दाबलं ते तुला कळलं का?"

"नाना, तसं काय सांगता येतं? नुसत्या अंदाजावर?"

"मी काठी मारली तवा त्याला काठी लागत नव्हती. मी तीस वर्सं पोरं शिकवली, तसं कुनाचं बघितलं न्हाई. मला गाडीवर बसव, पोलिसांकडं जाऊ."

"तुम्हीच सांगा ना त्यांना. माझं काय काम?"

"मान तुझी व्हती. सांगायचं तुलाच हाय."

मी म्हणालो, शाळेच्या स्पर्धा आहेत, त्या उरकल्या की जाऊ. स्पर्धा खरंच होत्या. पण एखादा दुपारचा तास काढता आला नसता असं नव्हतं. मी रोज घरून निघताना ठरवायचो आणि रोज पाठीवर घेऊन पायऱ्या चढणारा सुदाम आठवायचा. खोटं निघालं तर त्याचा जन्म मी नासवणार होतो. खरं निघालं तर, हा विचार मी पुरा करतच नव्हतो. नानांनी दोनदा निरोप पाठवला. आठव्या दिवशी तिसरा निरोप आला, तिसरी बाई सापडल्याचा.

त्याच दिवशी आम्ही गेलो. ठाण्यातल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मला दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्या दिवशी जीप अडवली. सीटखालच्या पेटीत, पान्यांच्या खाली, फडक्यात बांधलेले दागिने होते. त्यानं काही विकलं नव्हतं. लपवाछपवही केली नाही, विचारलं तसं सांगत गेला.

कोर्टात मला तो हात कसा पडला होता ते करून दाखवायला सांगितलं. एका हवालदाराच्या गळ्याभोवती मी डावा हात टाकला. आरोपीच्या पिंजऱ्यातून सुदाम बघत होता. मला वाटलं तो मान खाली घालेल. तो नीट निरखत होता, मी चुकत तर नाही ना हे बघत असल्यासारखा.

जन्मठेप झाल्यावर मी एकदा तुरुंगात भेटायला गेलो. तो वाळला होता. नानांचं विचारलं, माझ्या पोरांचं विचारलं. मी शेवटी म्हणालो, "सुदाम, का रे?"

तो विचार करत राहिला. टाळत नव्हता, खरंच शोधत होता. "हात पडला की मग सुटायचाच न्हाई भाऊ," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, "तुझ्या आईला मी कितींदा घरी सोडली. एकली असायची. कदी नख लागू दिलं का?" माझ्याकडून त्याला काहीतरी ऐकायचं होतं. मी उठून बाहेर आलो. मी परत गेलो नाही. आईला हे सांगितलं, तेव्हापासून ती त्याचं नाव घेत नाही, पण डोरलंही घालत नाही.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं. नाना वारले, शेवटपर्यंत त्यांनी मला त्या आठ दिवसांबद्दल एका शब्दानं टोकलं नाही. तेच मला झेपेना. एका रविवारी मी पश्चिमेकडच्या डोंगरात तिसऱ्या बाईच्या वाडीवर गेलो. तिचा नवरा खाचरात भाताच्या रोपांची आवणी करून नुकताच बांधावर येऊन बसला होता. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. त्यानं मला ओळखलं, कोर्टात पाहिलं होतं.

"या पावणं. त्या पैलवानाचं काय आनखी?"

मी उभ्यानंच सांगितलं. आम्हाला संशय आला होता, मी आठ दिवस गेलो नाही, मी गेलो असतो तर तिसरी बाई वाचली असती.

त्यानं ऐकून घेतलं. पायाचा चिखल काडीनं काढत राहिला. तो ओरडेल, मारेल, यासाठी मी तयार होतो.

"तुमी त्याचं समदं सांगता," तो शेवटी म्हणाला. "समदेच सांगत्यात. त्यो कुठं लढला, कसा लढला. माज्या बायकूचं नाव काय, सांगा बरं."

कोर्टात ते नाव कितीदा पुकारलं होतं. मी आठवायचा प्रयत्न केला. मला सांगता आलं नाही.

"हौसाबाई," तो म्हणाला. "बसा खाली. आन आता परत सांगा, काय सांगाया आला व्हता ते."

मी चिखलातच बसलो. "हौसाबाई वाचल्या असत्या," मी म्हणालो.