ब्रेनाचं घर कोण ओढणार

ओक्लाहोमात शिरल्यावर एक लांब उतार लागतो आणि उताराच्या तळाशी रेल्वेचं फाटक आहे. दर वर्षी मे महिन्यात माझी मुलगी तो उतार उतरते. उद्या सकाळी सहाला ती निघेल, दुपारपर्यंत तिथं पोचेल, आणि फाटक बंद असेल तर तिला ब्रेक दाबावा लागेल. पिकअपच्या मागे साडेदहा हजार पौंडांचं, चाकांवरचं घर. ते थांबेल का, आणि नाही थांबलं तर कुठं जाईल, हा एकच विचार आठवडाभर माझ्या डोक्यात आहे. कामावर वजनकाट्याच्या पावत्या फाडताना असतो, चर्चमध्ये गुडघे टेकले तेव्हाही होता. आज सगळे झोपले तरी तो माझ्याबरोबर टेबलाशी बसलाय. म्हणून लिहायला घेतलं.

ब्रेना एकतीस वर्षांची आहे. व्हर्जिल स्टेकलाइनच्या कापणीच्या टोळीत ती स्वयंपाक करते. मे अखेरीला टेक्सासचा गहू तयार होतो, तिथून पीक जसं पिकत जातं तशी टोळी उत्तरेला सरकते, आणि सप्टेंबरात मोंटानात पोचते. चार हार्वेस्टर, सहा ट्रक, अकरा माणसं. त्या अकरा माणसांचं दोन वेळचं जेवण ब्रेना एकटी बनवते, तेही चाकांवरच्या घरात, जिथं ती राहतेही. संध्याकाळी पत्र्याच्या परातींत जेवण भरून थेट शेतात नेते. कुणाला कांदा चालत नाही, कुणाला दूध पचत नाही, हे तिच्या डोक्यात असतं. माझ्या आजीसारखे बीरॉक, कोबी आणि खिमा भरून भाजलेले पाव, ती एका वेळी साठ करते. नवीन जागी घर उभं केलं की ओट्यावर एक कच्चं अंडं ठेवते. अंडं घरंगळलं तर पुन्हा खाली उतरून चाकाखाली फळी सरकवते. ते जागच्या जागी राहीपर्यंत चूल पेटत नाही.

एवढी नेटकी मुलगी. मी मुद्दाम सांगतेय, कारण आता जे सांगणार आहे त्यावरून कुणाला ती बेफिकीर वाटेल. ती बेफिकीर नाही. तिला फसवलंय, आणि फसवणाऱ्यांत मीही आहे.

आधी तिच्याकडे साधा ट्रेलर होता, पिकअपच्या मागच्या हुकाला अडकवायचा तो. असा ट्रेलर वाऱ्यात डुलतो. गेल्या जुलैत नेब्रास्कात शेजारून अठरा चाकी ट्रक सुसाट गेला आणि तिचा ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हलायला लागला. पिकअपच त्याच्यामागे ओढला जायला लागला. कशीबशी ती कडेला थांबली आणि मला फोन केला.

"आई, मी बाजूला थांबलेय. काही झालं नाही."

"मग रडतेस का?"

"रडत नाहीये. कांदे चिरतेय."

"रस्त्याच्या कडेला?"

"माणसांना सातला भूक लागते, आई. माझी भीती जाईपर्यंत ती थांबत नाहीत."

त्यानंतर अख्खा हिवाळा मी तिच्या मागे लागले. तो डुलणारा डबा टाक आणि फिफ्थ व्हील म्हणतात तसलं चाकांवरचं घर घे. फिफ्थ व्हीलचं पुढचं नाक पिकअपच्या हौद्यात येतं आणि मागच्या चाकांच्या बरोबर वर टेकतं, त्यामुळे ते डुलत नाही, वळणावरही ऐकतं. मी आमच्या गावच्या धान्य सोसायटीत एकोणीस वर्षं वजनकाट्यावर आहे. खिडकीशी येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी विचारलं आणि प्रत्येकाने हेच सांगितलं. ते खरंही आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की साधा ट्रेलर आपलं बहुतेक वजन स्वतःच्या चाकांवर ठेवतो आणि हुकावर थोडंच टाकतो. फिफ्थ व्हील आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, पिकअपच्या पाठीवर ठेवतं. पाठ तेवढी भक्कम लागते. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण त्या सगळ्यांकडे जड पिकअप आहेत. आणि मीही विचारलं नाही.

ब्रेनाकडे जो पिकअप आहे तो तिचा नाही, टोळीचा आहे. व्हर्जिलने स्वयंपाकिणीला हलका पिकअप दिलाय. भाजीपाला आणायला पुरतो, असं म्हणून.

मार्चमध्ये आम्ही दोघी विक्रेत्याच्या आवारात गेलो. पांढरे बूट घातलेला एक माणूस आमच्याबरोबर फिरला. तिथं एक सुंदर घर उभं होतं. मोठी भट्टी, ओट्यासमोर खिडकी, आणि दारावर मोठ्या अक्षरांत, हलक्या पिकअपला चालणारं.

"मॅडम, तुमचा पिकअप अकरा हजार पौंड ओढतो," तो म्हणाला. "हे आठ हजारांच्याही आत. डोळे मिटून न्या."

"मी बहुतेक उघडे ठेवूनच नेईन," ब्रेना म्हणाली, आणि तो मोठ्याने हसला.

मीही हसले. एकोणीस वर्षं मी भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतला फरकच लिहिते, माझं काम तेवढंच आहे. आणि त्या माणसाला मी एवढंही विचारलं नाही की हे वजन भरलेल्या घराचं की रिकाम्या. मी खिडकीकडे बघत होते. माझी मुलगी त्या खिडकीशी उभी राहून पीठ मळतेय असं मला दिसत होतं.

ते रिकाम्या घराचं वजन होतं, भरल्यावर तेच साडेदहा हजार झालं. त्यात पाणी नाही, गॅसच्या टाक्या नाहीत, बॅटऱ्या नाहीत, माणसाचा एक चमचासुद्धा नाही. ज्या घरात कुणी राहत नाही, त्या घराचं वजन सांगून ही माणसं राहणाऱ्याला घर विकतात. त्यावर 'चालणारं' असं लिहितात. चालतं म्हणजे सपाट रस्त्यावर, वारा नसताना, त्यांच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत चालतं. पुढे ज्याचं त्याने बघावं. याचा मला इतका संताप येतो की त्या माणसाचे ते पांढरे बूट आठवले तरी कानशिलं तापतात.

गेल्या रविवारी ब्रेनाने सामान भरलं. दोन फ्रीझर, बिडाचे तवे, पिठाची पोती, टाकीभर पाणी. मी तिला म्हटलं, "माझ्याकडे सोसायटीची किल्ली आहे. एकदा काट्यावर घालू."

"तुला कशाला गं काम सुट्टीच्या दिवशीही?"

"गंमत म्हणून."

ती काट्यावर आली. आधी फक्त पिकअप उभा केला, मागे घर जोडलेलं, पण घराची चाकं काट्याच्या बाहेर. म्हणजे पिकअप आणि त्याच्या पाठीवर जे बसलंय तेवढंच वजन. पिकअपच्या दाराच्या कडेला एक कागद चिकटवलेला असतो. कारखान्याने त्यावर लिहिलंय की ही गाडी सगळं मिळून सहा हजार नऊशे पौंड झेलेल. काट्याने सात हजार सातशे साठ दाखवले.

मी तिला आत बोलावून आकडा दाखवला. तिने तो दोनदा वाचला. दाराच्या कडेचा कागद बाहेर जाऊन वाचून आली. मग म्हणाली, "आठशे साठ जास्त."

"ब्रेना, तू यात जायचं नाहीस."

"मग कशात जाऊ? तो जुना ट्रेलर विकलाय. तूच विकायला लावलास."

"व्हर्जिलकडे जड पिकअप मागायचा."

"मागितला होता. जानेवारीत." तिने व्हर्जिलचा आवाज काढला, तो तिला छान जमतो. "'ब्रेना, त्याच्यावर माझी डिझेलची टाकी असते. तू चार पडदे कमी लाव, म्हणजे वजन आपोआप उतरेल.'"

पडदे. अकरा माणसांचं पीठ, मांस आणि पाणी ओढणाऱ्या बाईला तो माणूस पडद्यांचं सांगतो. तो जड पिकअप मी शंभरदा बघितलाय. मागे चार चाकं, हौद्यात फिफ्थ व्हील अडकवायच्या पट्ट्याही बसवलेल्या, कारण पूर्वी व्हर्जिल स्वतःचं घर त्यावरच ओढायचा. त्याची डिझेलची टाकी हलक्या पिकअपला आरामात झेपते, मी ते वजनही काढलंय. टाकी हलक्या पिकअपवर आणि घराचा जोड जड पिकअपवर, दोन माणसांचं तासाभराचं काम. पण मग व्हर्जिलला चार महिने हलक्या पिकअपमधून फिरावं लागेल, आणि मोंटानातले शेतकरी त्याला त्यात बघतील.

"मी बोलते त्याच्याशी," मी म्हणाले.

"तू बोलणार?" ब्रेना हसली, पण चांगलं हसली नाही. "आई, तू एकोणीस वर्षं इथं बसतेस. दर जूनमध्ये व्हर्जिलचे ट्रक कडांवरून गहू सांडत येतात. कायद्याने किती चालतं ते तुझ्यामागे भिंतीवर लावलंय. एकदा तरी कुणाला म्हणालीस, जास्त भरलंय, उतरव?"

मी मागे वळून भिंतीकडे बघितलं.

"तू पावती फाडतेस आणि म्हणतेस, काळजी घे रे. मलाही तेवढंच म्हण."

"तू माझी मुलगी आहेस."

"त्या ट्रकांतही कुणाची ना कुणाची मुलं असतात." तिने पावती खिशात टाकली. "आणि व्हर्जिलला फोन करायचा नाही. शाळेत नाहीये मी, बाईंना चिठ्ठी द्यायला. तू त्याला फोन केलास तर यापुढे मी तुला काहीएक सांगणार नाही. कडेला थांबले तरी नाही."

तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, म्हणून आठवडाभर गप्प राहिले. आमच्याकडे काट्यावर कुणी कुणाला वजनाबद्दल बोलत नाही. गहू शेतात उभा असतो, पश्चिमेला गारांचे ढग असतात, ट्रकांची रांग चर्चपर्यंत लागलेली असते. अशा वेळी खिडकीतली बाई म्हणाली की परत जा आणि उतरवून ये, तर पुढच्या हंगामात खिडकीत दुसरी बाई असेल. सोसायटी मला पौंड मोजायला ठेवते, मत द्यायला नाही. असं मी स्वतःला सांगत आले आणि ते मला पटतही होतं. आता त्याच सवयीत माझी मुलगी बसून चाललीय आणि मला एकदम कायदा आठवलाय. ब्रेनाने मला हे तोंडावर सांगितलं तेव्हा राग आला होता. आज तो राग तिच्यावर नाही.

डेलला, म्हणजे तिच्या बाबांना, मी कालच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ती मोठी झालीय, मार्लीन. सावकाश चालवेल." सावकाश चालवून वजन कमी होत नाही. मी हे म्हणाले, तर त्यांनी घोरायला सुरुवात केली.

घर आमच्या अंगणातच उभं आहे. रात्री मी निरोपाला म्हणून केक घेऊन गेले. ओट्यावर अंडं होतं, जागच्या जागी, हलत नव्हतं. ब्रेना कपाटांची दारं दोरीने बांधत होती, उतारावर उघडू नयेत म्हणून.

"झोपत का नाहीस?" तिने विचारलं.

"येईल झोप."

"पोचले की फोन करते. फाटकाच्या पलीकडे गेले की करते, झालं?"

म्हणजे तिलाही फाटक आठवत होतं. मी तिला फाटकाबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

तेवढ्यावर माझं ठरलं. व्हर्जिल साडेचारला उठतो. हंगामातला पहिला ट्रक नेहमी त्याचाच असतो, त्यामुळे त्याचा नंबर मला पाठ आहे. ब्रेनाला आधी सांगणार नाही, नाहीतर ती सहाची वाट न बघता आत्ताच निघेल. मी व्हर्जिलला हवापाणी विचारणार नाही, पडद्यांचा विषय काढणार नाही. आकडा सांगेन. तुझी गाडी आठशे साठ पौंड जास्त भरलीय, व्हर्जिल, टाकी उतरव आणि जड पिकअप माझ्या अंगणात आण. आणि जूनमध्ये तुझे ट्रक येतील तेव्हाही मी हेच म्हणणार आहे, सोसायटीला काय करायचं ते करू दे.

ब्रेना बोलायची बंद होईल. आज फाटक ओलांडल्यावर ती फोन करणार नाही, उद्याही नाही, कदाचित पूर्ण टेक्सासभर नाही. गप्प राहू दे. जड पिकअपमध्ये बसून गप्प राहू दे.

सव्वाचार झालेत. कॉफी ठेवते आणि फोन लावते.