हिरवं पाणी

चौसाळ्याच्या स्टँडवरचा चहावाला प्रत्येक पातेल्यातला पहिला घोट स्वतः घ्यायचा. चव न बघता चहा देणं त्याला पाप वाटे. मग सोनोग्राफीत त्याला फॅटी लिव्हर निघालं. डॉक्टरांनी साखर सोडून रोज चालायला सांगितलं, वर ग्रीन टी. पठ्ठ्यानं तोही दूध-साखर घालून उकळला! मी ओरडलो.

"सर, त्याबिगर हे नुसतं पानी हाय की!"

पण त्या दिवसापासून चव बघायचं काम त्यानं आम्हा रोजच्या गिऱ्हाइकांवर सोपवलं. स्वतः हिरवं पाणी पिऊन रोज चालला.

परवा नवा रिपोर्ट आला. लिव्हर ठणठणीत! डॉक्टर श्रेय साखर सोडण्याला देतात, हा हिरव्या पाण्याला. रिपोर्ट देवाच्या फोटोखाली चिकटवून त्यानं माझ्या हातात कडक गोड चहा दिला.

"सर, तुमची सोनोग्राफी कवा?"