गाठ हलते का?

गाठीला हात न लावताच मी वैद्यबुवांना सांगितलं, "हलते."

गाठ माझ्या बायकोच्या, सगुणाच्या डाव्या स्तनात होती. वैद्यबुवा बुधवार पेठेतल्या आपल्या ओट्यावर. मी खाली अंगणात, भर दुपारी. आमच्यासारख्यानं तिथं जायचं ते सावली आखूड असताना. सगुणा दाराबाहेरच. मी चांभार. श्रीमंतांच्या पागेची खोगिरं शिवतो. माझं खोगीर सरदारांच्या बुडाखाली चालतं, मी मात्र ओट्याला चालत नाही.

"तिची नाडी बघता का, महाराज?"

"बघतो की. मग मला दोन आंघोळी तू घालशील का?" ओट्यावरचे चौघे हसले. "कातडं पारखतोस ना? मग तूच सांग. गाठ हलते, का जागा धरून बसलीय?"

बायकोच्या छातीची गोष्ट, ती चारचौघांत. पाहिलं नाही म्हणावं तर आणखी हसतील. म्हणून मी हलते म्हणालो. वर पदरची भर घातली, "चिंचोक्यासारखी निसटते बोटाखालून."

"मग भीती नाही. लेपानं बसेल."

पुडी वरून पडली. मी धुळीतून उचलली, कपाळाला लावली, "उपकार झाले" म्हणालो. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

तीन महिने सगुणा लेप लावत होती. मी तिकडं बघायचोसुद्धा नाही. खोटं बोलायला धीट, बघायला लाजरा. मेल्या रेड्याचं कातडं घेताना मी बोट बोट दाबून बघतो. घरच्या माणसाला बघितलं नाही.

मग एक दिवस तीच म्हणाली, "कातडी आत वडतीया. बघा तरी."

अंगठा ठेवला. दगड. तसूभर हलेना. काखेत आणखी एक, हरभऱ्याएवढी.

पुन्हा तेच अंगण. या वेळी खरं सांगितलं. वैद्यबुवांनी मानही वर केली नाही.

"म्हणजे अर्बुद. असाध्य. आधी खोटं का बोललास? तुमच्या जातीचं हे असंच."

पुन्हा पुडी पडली. दुखलं तर द्यायची.

खोटं माझं होतं. ते मी कुणावर ढकलत नाही. पण हात वैद्यबुवांनाही होते, आणि दोन्ही वेळा ते मांडीवरच राहिले. मी पाठ फिरवली. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, उचल ती!" उचलली नाही. आमच्या अंगाला ज्याचा हात लागत नाही, त्याचं औषध आमच्या अंगाला लागणार नाही. हे त्या अंगणात ठरलं, आणि तसंच राहील.

फौजेच्या जखमा चिरणारा-शिवणारा एक म्हातारा जर्राह माझ्याकडून चामड्याचे पट्टे नेत असे. त्याच्याकडे गेलो. त्याच्या बायकोनं सगुणाला आत नेऊन नीट चाचपलं. बाहेर येऊन नवऱ्याच्या कानात सांगितलं. सगुणाही मागून आली, तसा तो मला म्हणाला,

"कापली तर जगेल, किंवा पाटावरच जाईल. काखेत गेलीय, म्हणजे पुन्हा उगवेलही. न कापली तर फुटेल. मग अफू देईन, तेवढंच माझ्या हातात." आणि माझ्याकडे न बघता त्यानं तिला विचारलं, "बेटी, तू सांग."

मी घसा खाकरला.

"कापा, बाबा," सगुणा म्हणाली. "आन् यांना भाईर बशिवा. माज्या वतीनं एकदाच बोललं हे, तर तीन महिनं गेलं."